परवडणाऱ्या घरांसाठी झटलेली पहिली माणसं: मुंबईच्या चाळींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायगावच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत माझं लहानपण गेलं. घरात सात माणसं, आणि गावाहून कोणी आलं की आठ-नऊ. ही खोली कोणी बांधली, का बांधली, भाडं इतकं कमी कसं, हे प्रश्न तेव्हा पडले नाहीत. पुढे जुने अहवाल आणि कायदे वाचत गेले तेव्हा कळलं, की त्या एका खोलीमागे शंभर वर्षांचं भांडण उभं आहे. आता ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन गिरणगावात हिंडते, तेव्हा ठरावीक प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

गरिबांना धड घर मिळावं ही मागणी मुंबईत कधीपासून?

कुरबुर जुनीच होती, पण सरकारला जाग आणली ती प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत माणसं पटापट मरू लागली. हा ताप साधा नाही, गाठीचा प्लेग आहे, हे ओळखलं मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगश यांनी. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले, गिरण्यांना कामगार मिळेनात. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या रुग्णांसाठी राबता राबता फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच रोगाने गेले. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही रुग्णांची सेवा करताना.

व्यापार बुडायला लागला तेव्हा राज्यकर्त्यांना अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं आणि एका दारामागे राहणारी दहा-बारा माणसं दिसली. माझं मत कोणाला कडू वाटेल, पण पहिल्या सुधारणेमागे दया कमी आणि धास्ती जास्त होती. दया नंतर आली, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच माणसांकडून आली.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणजे काय?

१८९८ मध्ये खास कायदा करून ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. बीआयटी चाळींमधलं ‘बीआयटी’ ते हेच. नमुना स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा होता. दाट वस्ती फोडून रस्ते काढायचे, हवा खेळती करायची, नवी जमीन तयार करायची आणि गरिबांसाठी आरोग्यदायी चाळी बांधायच्या, ही त्याची कामं. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ट्रस्टनेच काढले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आज जे सरळ रस्ते आणि झाडांखालच्या वसाहती दिसतात, त्यांची आखणीही ट्रस्टची. हिंदू कॉलनी त्यातली. पारशी कॉलनीही त्यातलीच. ट्रस्टच्याच नोकरीत असलेले इंजिनिअर मंचेरजी जोशी यांनी खटपट करून आपल्या समाजातल्या मध्यमवर्गासाठी तिथे भूखंड राखून घेतले.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. म्हणून बीआयटी चाळी आज पालिकेच्या ताब्यात आहेत.

मग ट्रस्टला लोक नावं का ठेवत?

कारण त्याने आधी पाडलं आणि मग बांधलं. तेही पाडलेल्या मानाने अपुरं. रस्त्यासाठी ज्यांच्या खोल्या गेल्या त्यातले बरेचसे शेजारच्या गल्लीत, आधीच खचाखच भरलेल्या खोल्यांत शिरले. एका मोहल्ल्यातली गर्दी उचलून दुसऱ्या मोहल्ल्यात ओतल्यासारखं झालं. नव्या रस्त्याकडेच्या जागेचे भाव वाढले आणि तिथे पैसेवाल्यांच्या इमारती आल्या. मध्यमवर्ग उत्तरेकडे राहायला गेला की त्याच्या जुन्या खोल्या आपोआप गरिबांना मिळतील, असाही हिशेब मांडला जात होता. तो हिशेब आजही मांडला जातो, फक्त शब्द नवे असतात.

हे ट्रस्टमधल्याच एका अधिकाऱ्याला दिसलं, आणि ते त्याने बोलूनही दाखवलं. जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं असं, की सगळी वस्ती जमीनदोस्त करणं महागही आहे आणि क्रूरही. त्यापेक्षा घरमालकाला कायद्याने बांधा. जिथे उजेड येत नाही तिथली मधली एखादी खोली काढायला लावा, आणि नवीन अंधारी खोली मुळात होऊच देऊ नका. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. आकडा विचित्र वाटतो, पण अर्थ सोपा आहे: खिडकीसमोर जेवढी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून समोरची भिंत उंच नको. दहा फूट जागा सोडली असेल तर वीस फुटांपर्यंतच भिंत, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आभाळाचा तुकडा मिळेल.

मला हा नियम फार मोलाचा वाटतो. गरिबाच्या खोलीत सूर्य यावा, ही गोष्ट कोणाच्या मर्जीवर न सोडता त्यांनी ती भूमितीत बसवली. आज पुनर्वसनाच्या नावाखाली एकमेकींना चिकटून उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या मधल्या फटीत उभं राहून वर बघा. दुपारी बाराला तिथे दिवे लागलेले असतात.

पॅट्रिक गेडिस यांचा मुंबईशी काय संबंध?

हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये भारतात आले, गावोगावी हिंडले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे नावाजलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. वस्तीवर कुऱ्हाड चालवू नका, वैद्यासारखी हलक्या हाताने शस्त्रक्रिया करा, असं त्यांचं सांगणं होतं: दोन-चार पडकी घरं काढा, चौक मोकळा करा, झाड लावा, विहीर साफ करा, बाकीच्यांना जागचं हलवू नका. ट्रस्टच्या बुलडोझरी वृत्तीवर (बुलडोझर तेव्हा नव्हता, वृत्ती होती) इतकी स्वच्छ टीका दुसऱ्या कोणी केली नसेल.

बीआयटी आणि बीडीडी चाळी एकच का?

नाहीत. बीआयटी ट्रस्टच्या, बीडीडी ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’च्या. हे खातं १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी उघडलं. पहिलं महायुद्ध संपलं होतं, गिरण्या जोरात होत्या, भाडी आभाळाला भिडली होती आणि संपांवर संप होत होते. लॉइडसाहेबांनी ५० हजार खोल्यांची घोषणा केली. ६२५ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या. पैसा काही कर्जातून आणि काही शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावून.

प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्याच्या टोकाला सामायिक नळ आणि संडास. खोल्या सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे घोषणेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या.

त्या बांधून झाल्यावर बरीच वर्षं रिकाम्या पडल्या, विशेषतः वरळीच्या. कामावरून लांब, आसपास बाजार नाही, दवाखाना नाही, आणि भाडं गिरणी कामगाराच्या खिशाला जड. घर बांधणाऱ्याने राहणाऱ्याला एकदाही विचारलं नाही की असं होतं. ही चूक नंतर किती वेळा झाली ते मोजायला बसले तर पान पुरणार नाही.

बीडीडी चाळी तुरुंग म्हणून बांधल्या होत्या, हे खरं का?

खरं नाही, पण ऐकीव गोष्टीला आधार आहे. त्या कामगारांसाठीच बांधल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात तुरुंग अपुरे पडले तेव्हा वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे ठेवलं. जाड काँक्रीटच्या भिंती आणि लांब अंधारे बोळ पाहून लोकांना ती गोष्ट पटते, एवढंच.

डॉ. आंबेडकर चाळीत राहत होते ना?

हो. परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत. १९१२ ते १९३४, म्हणजे सुमारे बावीस वर्षं ते घर त्यांचं होतं. मधली काही वर्षं ते न्यूयॉर्क आणि लंडनला शिकायला होते, तेव्हा रमाबाईंनी तिथेच संसार ओढला. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले. बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय जवळच्याच दामोदर हॉलमध्ये होतं. पुढे बाबासाहेबांनी ‘राजगृह’ बांधलं ते हिंदू कॉलनीत, म्हणजे तेही ट्रस्टच्याच आखणीतल्या भागात.

घरांच्या चळवळीत हा धागा फार महत्त्वाचा आहे. खासगी चाळीचा मालक भाडेकरूची जात विचारायचा. दलित कुटुंब पगार हातात घेऊन दारोदार फिरलं तरी खोली मिळायची नाही. ट्रस्टच्या, पालिकेच्या आणि बीडीडीच्या चाळी म्हणूनच त्यांचा आसरा झाल्या. तिथेही वस्ती जातवार विभागलेली असे, पण दाराला कुलूप आपलं आणि भाडेपावती आपल्या नावाची. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींतून आंबेडकरी चळवळीला जी माणसं मिळाली, ती या पावतीमुळे शहरात टिकली. परवडणारं घर म्हणजे फक्त स्वस्त घर, असं जे समजतात त्यांना मी नेहमी हे उदाहरण देते. पैसे असूनही दार न उघडणं, हाही घरांचाच प्रश्न आहे.

रावबहादूर तालमकी कोण? त्यांचं नाव तुम्ही इतकं का घेता?

कारण आपल्यापैकी निम्म्यांच्या कपाटात आपल्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे आणि तो कागद कोणामुळे आला हे कोणाला ठाऊक नाही.

श्रीपाद सुब्राव तालमकी हे कारवारकडच्या चित्रापूर सारस्वत समाजातले. त्यांच्या खटपटीने १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था निघाली, तीच आजची एसव्हीसी बँक. मुंबईत नोकरीला आलेल्या आपल्या कारकून मंडळींचे हाल त्यांना दिसत होते. महिना तीस-चाळीस रुपये पगार, त्यातला मोठा हिस्सा भाड्यात, मालक केव्हाही बाहेर काढणार. सरकारकडे मागावं तर सरकार कामगारांसाठीच पुरेसं बांधत नव्हतं. कारकुनाकडे कोण बघणार?

तालमकींनी हिशेब मांडला. एकट्याला इमारत बांधता येत नाही, पण पन्नास जणांनी थोडे थोडे भागभांडवल घातलं, उरलेलं कर्ज काढलं आणि जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तर इमारत उभी राहते. मालक कोण? संस्था. भाडेकरू कोण? तोच सभासद. भाडं तेवढंच, जेवढ्यात कर्जाचा हप्ता, व्याज, दुरुस्ती आणि कर निघतील. नफा खाणारा मधला माणूसच उरत नाही. इंग्लंडात भाडेकरूंच्या भागीदारीच्या अशा वसाहती निघाल्या होत्या, त्यांचा अभ्यास करून १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. गावदेवीही ट्रस्टनेच विकसित केलेली. ही देशातली पहिली का, यावर वाद होतो, कारण बंगळूरमध्ये १९०९ ची एक सहकारी संस्था होती. मुंबईत मात्र वाट दाखवली ती हिनेच. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची.

मला या कामात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती हिशेबाची शिस्त. सभासद संस्थेचा मालकही आहे आणि भाडेकरूही, म्हणून भाडं थकवलं तर तो स्वतःचंच नुकसान करतो. वार्षिक सभा, ताळेबंद, लेखापरीक्षण, दुरुस्ती निधी: आज सोसायटीच्या सभेला जायला कंटाळणाऱ्यांना हे शब्द रुक्ष वाटतील. त्या काळात घरभाड्याची पावतीसुद्धा नीट न मिळणाऱ्या माणसाला आपल्या इमारतीचा जमाखर्च वाचायला मिळत होता.

आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. १९६० च्या सहकार कायद्याखाली त्या नोंदवल्या जातात.

पण या सोसायट्या एकाच जातीच्या असत. ही कसली सुधारणा?

प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळत नाही. सारस्वत, पारशी, नंतर इतर अनेक समाजांनी आपापल्या वसाहती केल्या. ओळखीच्या माणसाला कर्जाला जामीन राहता येतं, परक्याला राहता येत नाही. सुरुवातीला विश्वासाचं भांडवल जातीतच सापडलं. हे समजून घेता येतं. पण दार आतून एकदा लावलं की ते पुढच्या पिढ्यांना उघडवत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपनियम वैध मानला. आजही मुंबईत आडनाव ऐकून फ्लॅट नाकारला जातो. पहिल्या सुधारकांकडून आपल्याला हिशेब मिळाला आणि हा दोषही मिळाला. दोन्ही आपलेच.

ना. म. जोशी मार्ग हे नाव कोणाचं?

नारायण मल्हार जोशी यांचं (१८७९–१९५५). जन्म कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा. भारत सेवक समाजाचे सदस्य. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली: गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, पतपेढ्या. १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनांच्या देशव्यापी महासंघाच्या स्थापनेतही ते होते. जोशींनी इमारती बांधल्या नाहीत. खोलीत राहणारं माणूस कर्जात कसं बुडतं, मुलं शाळेबाहेर का राहतात, हे त्यांनी लोकांत बसून समजून घेतलं. जुना डिलाईल रोड आता त्यांच्या नावाने आहे, आणि त्या रस्त्यावरच्या बीडीडी चाळीही.

भाडेनियंत्रण कायदा गरिबांच्या बाजूचा होता की त्याने चाळी मारल्या?

दोन्ही.

पहिला कायदा १९१८ चा, युद्धामुळे भाडी भडकली म्हणून. मोठा कायदा १९४७ चा. त्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. फाळणीनंतर शहरात लोंढे येत होते, अशा वेळी लाखो कुटुंबं रस्त्यावर आली नाहीत ती या कायद्यामुळे. माझ्या आजोबांच्या पिढीला विचाराल तर त्यांच्या लेखी हा कायदा देवासारखा.

पण गोठवलेलं भाडं वितळलंच नाही. कायद्याची मुदत वाढत गेली, भाडं तेच. महिन्याला आठ-दहा रुपये घेऊन मालक छप्पर का दुरुस्त करेल? त्याने हात वर केले. दुसरीकडे पागडी सुरू झाली: भाडं नाममात्र, पण खोली हातात येताना काळ्या पैशाची थप्पी. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि ‘सेस बिल्डिंग’ हा शब्द घराघरात आला. दक्षिण आणि मध्य मुंबईत अशा १९ हजारांहून जास्त इमारती मोजल्या गेल्या. दुरुस्तीसाठी संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, पाठवलेली काही कुटुंबं तिथेच म्हातारी झाली.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की असं कायमचं गोठलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा नवा कायदा आला, दरवर्षी ४ टक्के वाढ मान्य झाली. पागडीलाही कायद्यात जागा मिळाली.

माझं स्वतःचं मत सांगते. भाडं बांधून देणं बरोबर होतं. ते बांधून विसरून जाणं चूक. दर पाच वर्षांनी भाडं आणि दुरुस्ती यांचा एकत्र विचार झाला असता तर चाळी उभ्या असत्या आणि भाडेकरूही.

समाजवादी पुढारी मृणाल गोरे तर पाण्यासाठी लढलेल्या ‘पाणीवाली बाई’. घरांशी त्यांचा काय संबंध?

१९७६ मध्ये नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा आला. ठरावीक मर्यादेवरची मोकळी जमीन सरकारने घ्यायची आणि ती गरजूंच्या घरांसाठी वापरायची, असा त्याचा उद्देश. प्रत्यक्षात जमीनमालकांनी सवलतीची कलमं पुढे करून बहुतेक जमीन सोडवून घेतली. मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद काढली आणि सरकारला त्याच्याच कायद्याची आठवण करून दिली. वर्षानुवर्षं मोर्चे, अर्ज, कोर्टकचेऱ्या. अखेर गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सुमारे ६२ एकर जमीन मिळाली आणि तिथे सहा हजारांवर घरं उभी राहिली. बिल्डर नाही, नफा नाही. सभासदांनी पैसे भरले आणि वाट बघितली, फार वर्षं वाट बघितली.

तालमकींचा हिशेब आणि मृणालताईंचा मोर्चा, दोन्ही दिंडोशीत एकत्र आले असं मला वाटतं. हा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला. दुसरी दिंडोशी होण्याची वाट त्यामुळे बंद झाली, आणि याचं दुःख मला आजही आहे.

झोपडपट्टी आणि फुटपाथवरच्या माणसांसाठी कोण लढलं?

१९८१ च्या भर पावसाळ्यात फुटपाथवरच्या कुटुंबांना उचलून शहराबाहेर सोडण्याचा हुकूम निघाला. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही जण न्यायालयात गेले. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात मात्र नोटीस देऊन, पावसाळ्यानंतर हटवण्याला मुभा होती. दुसरा अर्धा भाग लोक विसरतात.

मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहणारे जोकिन अर्पुथम यांनी झोपडीवासीयांची देशव्यापी संघटना बांधली. १९७६ मध्ये ती कॉलनीच हटवली गेली आणि रहिवाशांना चीता कॅम्पला नेलं. खचून न जाता ते काम करत राहिले. २००० मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ सुरू केलं. रोजचा रुपया-दोन रुपये बचत, स्वतःच्या वस्तीची स्वतः मोजणी, आणि घर कसं हवं याचा खराखुरा मापाचा नमुना उभा करून बघणं. वरळीच्या रिकाम्या खोल्या आठवा. साठ वर्षांपूर्वी जे साहेबांनी विचारलं नाही, ते या बायकांनी एकमेकींना विचारलं.

मुंबईबाहेर काही घडलं की नाही?

नागपूरला १९३६ च्या कायद्याने मुंबईच्याच धर्तीवर सुधार प्रन्यास झाला, तो ‘नासुप्र’ अजून चालू आहे. पण माझ्या मते मुंबईबाहेरचं सगळ्यात मोठं काम सोलापूरचं. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था काढली आणि कुंभारीत दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत वसवली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे आले होते. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर झालं, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. दिवसभर पानं कापून विड्या वळणाऱ्या बाईच्या नावावर घर. मुंबईच्या वर्तमानपत्रांत याला जितकी जागा मिळायला हवी होती तितकी मिळाली नाही.

बीडीडी रहिवाशांना आता ५०० चौरस फुटांचं घर फुकट मिळतंय. मग तक्रार कसली?

तक्रार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या तेव्हा टीव्हीसमोर बसून मी रडले. घरातच संडास, घरातच न्हाणीघर! चार पिढ्यांनी बोळाच्या टोकाला रांग लावली होती. काम म्हाडाकडे आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग असे तीन भाग त्यात येतात. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यामुळे मागे राहिल्या.

काळजी पुढची आहे. उंच इमारतीला लिफ्ट लागते, पंप लागतो, पहारेकरी लागतो. सुरुवातीचा देखभाल निधी संपल्यावर महिन्याचा खर्च निवृत्त कामगाराच्या पेन्शनला झेपेल का? जे घर मिळालं ते परवडत नाही म्हणून विकलं, असं होऊ नये. तालमकींनी पहिल्या दिवशी मांडलेला हिशेब इथे पहिल्या दिवशी मांडला जावा, एवढंच मागणं आहे.

चाळीतलं जीवन किती छान होतं, नाही?

गणपती, दहीहंडी, गॅलरीतल्या गप्पा, परीक्षेच्या वेळी शेजाऱ्याच्या रेडिओचा आवाज आपोआप कमी होणं, हे सगळं मी अनुभवलंय. पण त्याच मजल्यावर क्षय झालेला माणूस भिंतीकडे तोंड करून झोपायचा, आणि नव्या सुनेला कपडे बदलायला आडोसा नसायचा. रात्री बायका एकमेकींना उठवून संडासला जायच्या. माणसं चांगली होती. खोली लहान होती.

आमच्याकडे आजोबांच्या वेळच्या भाडेपावत्या आहेत. पुनर्विकासात चाळ जाणार, मग त्या टाकून द्यायच्या का?

मुळीच नाही. पहिलं कारण व्यवहाराचं: भाडेकरूपणाचा, वारसाचा, पात्रतेचा वाद निघाला तर जुनी पावती, रेशनकार्ड, वीजबिल आणि मतदार यादीतलं नाव हेच उपयोगी पडतं. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि पोच घ्या.

दुसरं कारण असं, की ट्रस्टचे आणि बीडीडीचे अहवाल सरकारी ग्रंथालयांत मिळतात, पण खोलीत राहणाऱ्याने काय दिलं, कधी थकलं, कोणाच्या नावावर खोली झाली, हे फक्त तुमच्या पत्र्याच्या पेटीत असतं. पावतीच्या मागे पुष्कळदा काहीतरी लिहिलेलं सापडतं. माझ्या आजीच्या एका पावतीमागे पेन्सिलीने वाण्याची उधारी आहे: गूळ, गोडेतेल, रॉकेल. खाली, वेगळ्या अक्षरात, ‘दुसऱ्या मजल्यावरून दोन रुपये आणले, पगाराला देणे.’